पाणी कुठपर्यंत आलंय?

गंगेला पूर आला की धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे नाशिकच्या माणसाला सांगून काही उपयोग नसतो. ते आकडे बातम्यांमध्ये वाचायचे आणि विसरून जायचे. आम्हाला एकच माप कळतं: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशकात तिला कुणी बोलताना गोदावरी म्हणालं की समजावं, पाहुणा आहे. तिच्या घाटावर हा मारुती उघड्यावर उभा आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच, पुढेही तोंड आणि मागेही तोंड. त्याच्या पायांना पाणी लागलं की लोक कौतुकाने बघायला जातात. गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात. कमरेला लागलं की बाजारात कुजबुज सुरू होते, आणि छातीला लागलं की कुणी कुजबुजत बसत नाही, धडाधड शटरं खाली येतात.

यंदा श्रावण अर्धा झाला आणि त्र्यंबककडे पाऊस मुक्कामालाच आला. धरण भरलं, पाणी सोडलं, आणि माझ्या फोनवर मारुतीचे फोटो यायला लागले. शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, एकच मारुती तीन कोनांतून. लोकांना मजा वाटते. मला नाही. खरं तर आमचं घर इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे गंगा यायची म्हटली तर आधी सगळं नाशिक बुडायला हवं. तरी फोटो आला की मी तो बोटांनी मोठा करून बघते. पाणी कुठपर्यंत आलंय, आणि त्याहून जास्त, ते खरं कुठपर्यंत आलंय.

मी काळजी करणाऱ्यांच्या घराण्यातली आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून दोनदा वर येते. मुलगी दहा मिनिटं उशिरा आली तर अकराव्या मिनिटाला मी मनातल्या मनात दवाखाना गाठलेला असतो. आठवीच्या वर्गाला गणित शिकवते, त्यामुळे काळजीतही हिशोब पक्का. 'टेन्शन घेऊ नका हो मॅडम,' असं मला इतक्या लोकांनी सांगितलंय, की मला आता त्या 'घेऊ नका'चीच गंमत वाटते. जसं काही समोर ट्रे धरलाय, त्यात चहा आहे, सरबत आहे आणि टेन्शन आहे, आणि मी हावरटासारखं नेमकं तेच उचललंय. टेन्शन कुणी घेत नाही. ते येतं, पाण्यासारखं खालून वर येतं, आणि कुठपर्यंत आलंय हे ज्याचं त्यालाच माहीत असतं. हे मला कळलं ते बाबांच्या दुकानामुळे, एका श्रावणात. तेव्हा मी अकरावीत होते.

बाबांचं दुकान भांडी बाजारात होतं. तांब्या-पितळेची भांडी. घंगाळं, हंडे, समया, तांबे, पूजेच्या ताम्हनांच्या चळती. दुकानात शिरलं की आधी नाकाला चिंचेचा आणि धातूचा मिळून असा एक आंबट वास यायचा. दुपारच्या उन्हाची तिरीप आत आली की सगळ्या भिंती पिवळ्याजर्द व्हायच्या. भांडी बाजार नदीच्या इतका जवळ, की गंगा चढली तर पहिली भेट आम्हालाच. म्हणून बाबांनी मारुतीवरून कामं ठरवून ठेवली होती. पाणी गुडघ्याला लागलं की सगळ्यात खालच्या फळीवरचा माल वर. कमरेला लागलं की मधली फळी रिकामी, सगळं माळ्यावर. छातीला लागलं की शटर. आणि गळ्याशी आलं की दुकानाचा विचारच करायचा नाही, सरळ घरी जायचं, हातपाय धुवायचे आणि जेवायचं.

लहानपणी मला त्या दिवसांत भीती वाटायची नाही, हे आता आठवलं की नवल वाटतं. बाजारात पळापळ असायची, पण त्या पळापळीला वळण असायचं. पुलावरून येणाऱ्या प्रत्येकाला लोक दोन प्रश्न विचारायचे. पहिला, कुठपर्यंत आलं? आणि दुसरा, चढतंय का उतरतंय? बाबा म्हणायचे, दुसरा प्रश्न खरा. कमरेला असलेलं पाणी उतरत असेल तर माणूस चहा पितो, आणि तेच चढत असेल तर फळी रिकामी करतो. समोरच्या कोपऱ्यावर रहमानचाचा कल्हई करायला बसायचे. त्यांची भट्टी, भाता आणि नवसागराचा धूर एवढाच त्यांचा संसार, तो उचलायला त्यांना पाच मिनिटं लागायची. मग ते आमच्या दुकानात येऊन हंडे वर द्यायला लागायचे. "शेठ, लय घाई करू नका," म्हणायचे, "गंगामाई सांगून येते. बिनसांगता येणारं पाणी वेगळं असतं."

त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

आता जुईबद्दल सांगायला हवं, कारण खरी काळजी तिची आहे. जुई माझी मुलगी, अठरा वर्षांची. बारावी झाली, मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, नंबर थोडक्यात हुकला. मग तिने वर्षभराचा गॅप घेतला. 'ड्रॉप घेतला' म्हणतात मुलं; हाही घ्यायचाच प्रकार. कॉलेज रोडला क्लास, आठवड्याला टेस्ट, घरी आल्यावर खोलीचं दार बंद. जूनमध्ये ती दारातूनच ओरडून कॉफी मागायची. जुलैत मेसेज करून मागायला लागली. श्रावण लागेपर्यंत मागायचीच थांबली. ताटातली पोळी अर्धी राहायला लागली, केस विंचरायचे राहून जायला लागले. एकदा मी तिची उशी उन्हात टाकायला उचलली तर खाली नखांचे बारीक तुकडे सापडले.

आमच्या घरात एक प्रश्न माहेरून माझ्याबरोबर आलाय. 'काय झालं', 'बरं वाटत नाही का', असलं काही आम्ही विचारत नाही. आम्ही विचारतो, पाणी कुठपर्यंत आलंय? जुई लहान होती तेव्हापासून हा खेळ आहे. शाळेत भांडण झालं की येऊन सांगायची, "आज कमरेपर्यंत!" आणि गॅदरिंगच्या आधी स्वतःच्या हनुवटीला हात लावून दाखवायची. माझा नवरा अंबडला कारखान्यात आहे, मूळचा सोलापूरचा. त्याला सुरुवातीला वाटायचं आम्ही टाकीच्या पाण्याबद्दल बोलतोय. एकदा तो खरंच गच्चीवर जाऊन बघून आला होता.

यंदा मी रोज सकाळी डबा भरताना विचारायचे, "जुई, पाणी कुठपर्यंत?"

"पायाशी," ती म्हणायची. रोज. न चुकता. मान वर न करता.

रोज पायाशीच कसं असेल? नदीसुद्धा रोज एका ठिकाणी राहत नाही. पण मी ते खरं मानत होते, कारण मला ते खरं असायला हवं होतं. आणि मी मला जमतील ते उपाय करत होते. माझ्याकडे उपायांची कमी नाही. धडधड वाढली की मनगटं गार पाण्याच्या नळाखाली धरायची. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मेथीची जुडी घेऊन बसायचं आणि एकेक पान खुडायचं, घाई करायची नाही, तोपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. टॉवेलांच्या घड्या अशा घालायच्या की कडा कडेला लागली पाहिजे. सोसायटीला चार फेऱ्या, आणि फेऱ्या मारताना झाडं मोजायची, पावलं नाही. पावलं मोजली की मी त्यांचाही हिशोब करायला लागते. जुईला मी हे सगळं शिकवलं होतं. बाबांचा एक पितळी तांब्याही तिच्या टेबलावर ठेवला होता. "काही सुचेनासं झालं की चिंच लावून घास," म्हटलं होतं. ती हसली होती. हसली म्हणजे बरं आहे, असं मी त्या दिवशी मनात लिहून टाकलं.

या तांब्याची गोष्ट त्या श्रावणातली.

त्या वर्षी काका दुकानातून वेगळे झाले. वीस वर्षं दोघं भाऊ एका गादीवर बसले होते. भांडण मोठ्याने झालं नाही. काकांनी नुसतं तीन दुकानं सोडून स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. गिऱ्हाईक बाबांच्या पायरीवर थांबायचं, आत डोकावायचं आणि पुढे जायचं. बाबा घरी येऊन काहीच सांगायचे नाहीत. जेवताना घास हातात धरून बसायचे. सकाळी दाढी करताना हनुवटीला कापायचं, तिथे ते तुरटी फिरवायचे. आई विचारायची, "अहो, काही होतंय का?" बाबा म्हणायचे, "छे. काय व्हायचंय?" घरासाठी एक तोंड आणि बाजारासाठी एक, आणि दोन्ही तोंडं गप्प.

आम्ही तेव्हा अशोक स्तंभाजवळ राहायचो. एका दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. दुकानातून बाबा होते. पावसाळ्यात त्यांचा फोन यायचा तो फक्त मारुतीची खबर द्यायला, म्हणून मी हॅलोच्या जागी विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

बाबा म्हणाले, "गळ्याशी आलंय गं."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आईला सांगितलं, गळ्याशी आलंय. आई म्हणाली, "मग येतीलच आता. चहाचं आधण ठेव." नियमच होता तसा, गळ्याशी आलं की घरी. मी आधण ठेवलं. आलं ठेचलं. आधणाला उकळी आली, ते आटलं, मी पुन्हा पाणी घातलं. बाबा आले नाहीत. आई दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली आणि तिथेच उभी राहिली. माझी ओढणी तिच्या हातात होती, कडक वाळलेली. बाहेर लख्ख ऊन होतं.

गावात ऊन असतानाही गंगा चढते, त्र्यंबककडे पाऊस असला की. त्यामुळे उन्हाने काही सिद्ध होत नव्हतं. पण खालून शेजारच्या काकू चालल्या होत्या, हातात गंगेवरून आणलेली फुलं. आईने वरूनच विचारलं, "पाणी कुठवर आलंय हो?"

"कसलं पाणी?" त्या म्हणाल्या. "मारुतीच्या पायालासुद्धा नाही. पोरं खेळतायत तिथे."

आईचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. तिने कपडे तिथेच टाकले, आणि ज्या चपला पायात आल्या त्या घालून आम्ही निघालो. दोघींच्या चपला वेगवेगळ्या होत्या. माझ्या पायात तिची एक आणि माझी एक. दहा मिनिटांची वाट आहे ती. मला त्या वाटेवरचं दुसरं काही आठवत नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. सगळ्या फळ्या रिकाम्या होत्या. एक वाटी खाली नव्हती. हंडे, घंगाळं, समया, सगळा माल बाबांनी एकट्याने माळ्यावर चढवला होता, कोरड्या ठणठणीत दिवशी. आणि स्वतः फरशीवर बसले होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, छाती वरखाली होत होती. शेजारी रहमानचाचा मांडी घालून बसले होते. त्यांनी बाबांच्या हातात एक तांब्या दिला होता आणि स्वतः दुसरा घासत होते.

"वहिनी, घाबरू नका," चाचा म्हणाले. "मी विचारलं, शेठ, पूर कुठंय? म्हणाले, येतोय. मग मी काय बोललो नाय. बसलो बाजूला."

आई बाबांजवळ फरशीवर बसली. माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, "मी फोन केला होता." ओरडून नाही म्हणाले. नुसतं सांगितलं. त्यांना त्या दिवशी एवढंच बोलता आलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं पाणी सांगितलं होतं, आणि मी 'बरं' म्हणून चहा ठेवला होता. ते 'बरं' मला अजून सुटत नाही.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, महिनाभर विश्रांती झाली. काकासुद्धा आले, दारात उभे राहून रडले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते आईने केलं. तिने बाजाराचं माप घरात आणलं. रोज संध्याकाळी बाबा आले की ती विचारायची, कुठपर्यंत? आणि त्यांनी खरं सांगायचं. गुडघ्याला असेल तर उठून गंगेवर चक्कर मारून यायचं. कमरेला असेल तर हाताला काम, भांडं घासा नाहीतर शेंगा सोला, आणि सोलता सोलता एकाला तरी सांगा. छातीला असेल तर एकट्याने उभं राहायचं नाही, कुणाजवळ तरी बसायचं. आणि गळ्याशी असेल तर तुम्ही काहीच करायचं नाही. तुम्ही फक्त सांगायचं. बाकीचे येतील. बाबा त्यानंतर खूप वर्षं जगले. कधी कधी नुसतेच हात मांडीजवळ आडवा धरून दाखवायचे आणि चहा प्यायचे.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी यंदा काय झालं ते सांगते.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. माझी शाळा पंचवटीत आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या फोनवर एकच फोटो फिरत होता, मारुती गळ्यापर्यंत पाण्यात. शाळा सोडायची का, पोरांना घरी कसं पाठवायचं, याची चर्चा चालली होती. तेवढ्यात जुईचा मेसेज आला.

'आई, पाणी गळ्याशी आलंय.'

मी लिहिलं, 'हो, बघितला फोटो. खिडक्या लावून घे. माझ्या खोलीची आधी, तिथे गादीवर येतं.'

आणि फोन पर्समध्ये टाकून मी तासाला गेले. समीकरणं शिकवली. एका बाजूला जे करू ते दुसऱ्या बाजूला करायचं, असं ठसक्यात सांगितलं. तास संपवून परत आले तर आमचे बोरस्ते सर सगळ्यांना रागावत होते. "अहो, तो जुना फोटो आहे! दरवर्षी कुणीतरी फिरवतं. मी आत्ता पुलावरून आलोय. मारुतीच्या गुडघ्यालासुद्धा नाही पाणी."

मला पहिल्यांदा आठवलं ते आधण. आटत चाललेलं.

फोन काढला. माझ्या मेसेजखाली निळ्या खुणा होत्या, तिने वाचला होता, आणि पुढे काहीच नव्हतं. मी लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. बोरस्ते सरांना काय सांगितलं आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. स्कूटर काढली आणि निघाले. रेनकोटची बटणं लावायची राहिली. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. ट्रक, रिक्षा, एसटी, सगळे हॉर्न वाजवत होते आणि कुणी हलत नव्हतं. मी तिथे माझे सगळे उपाय करून बघितले. चार मोजून श्वास घेतला, सहा मोजता येईनात. झाडं मोजायला झाडच नव्हतं. मग मी मोठ्याने 'जुई, जुई' म्हणायला लागले. शेजारचा रिक्षावाला वाकून बघत राहिला. मग त्याने रिक्षा जरा मागे घेतली आणि हाताने खूण केली, जा ताई. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

तीन मजले मी कशी चढले ते माहीत नाही. किल्ली कुलपात लागेना. दार आतून उघडलं.

जुई होती. तिचे हात कोपरापर्यंत चिंचेने तपकिरी झाले होते. ती आत जाऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. समोर बाबांचा तांब्या, इतका घासलेला की त्यात खिडकी दिसत होती.

"दीड तास घासतेय," ती म्हणाली. "याने होत नाहीये, आई. काहीच होत नाहीये."

मी ओल्या रेनकोटसकट तिच्याजवळ बसले. म्हटलं, "माझं चुकलं. मला वाटलं तू मारुतीचं सांगतेयस."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू मला खिडक्या लावायला सांगितलंस."

"लावल्यास?"

"लावल्या," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. ती अशी रडली की मला तिचे खांदे दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागले. मग हळूहळू सांगत गेली. पुस्तकातल्या ओळी हलतात. टेस्टच्या हॉलमध्ये हात बधिर होतात. मागच्या तीन टेस्टला ती क्लासपर्यंत गेली आणि जिन्यातून परत फिरली, वेळ होईपर्यंत कॉलेज रोडवर चालत राहिली. मी सकाळी विचारायचे तेव्हा मी डबा भरत असायचे, घाईत असायचे. "तुला 'पायाशी' ऐकायचं असायचं," ती म्हणाली. "तुझ्या आवाजावरून कळायचं."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला मराठीत शब्द असेल तर मला माहीत नाही. लाज होती, भीती होती, आणि ती समोर बसलीय याचा इतका आनंद होता की तिच्या चिंचेच्या हातांचे मी पापे घेतले. आंबट लागले.

शटर खाली घेतलं. क्लासला कळवलं, जुई काही दिवस येणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो, मनाच्या डॉक्टर. त्यांनी जुईला एकटीला आत बसवून खूप वेळ ऐकून घेतलं, आणि आता दर आठवड्याला जायचं आहे. परीक्षेचं काय, हा प्रश्न घरात तिघांच्याही ओठावर येतो आणि तिघंही तो गिळतो. माझे ते उपाय, ते मनगटावरचं गार पाणी, ती मेथी, त्या घड्या, खोटे नाहीत. ते कमरेपर्यंतचे आहेत. गळ्याशी आलेल्या माणसाच्या हातात तांब्या देऊन चालत नाही. रहमानचाचांनी तांब्या दिला तेव्हा ते शेजारी बसलेही होते. मी फक्त तांब्या दिला होता.

बाहेर पाऊस आहेच. फोटो येतात, मी अजूनही ते मोठे करून बघते. सकाळी मी डबा भरायच्या आधी विचारते, तिच्यासमोर बसून. ती आता खरं सांगते. परवा म्हणाली, गळ्याच्या खाली. काल म्हणाली, छातीला. 'पायाशी' ऐकायला किती गोड होतं. हे ऐकायला नको वाटतं, पण मी दुसरा प्रश्न विचारते. चढतंय का उतरतंय? काल ती विचार करून म्हणाली, "थांबलंय."

आज सकाळी मी ओट्याशी चहा टाकत होते. जुई पाटावर बसून मेथी निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आई, तुझं पाणी कुठपर्यंत आलंय?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीच विचारणारी ना. 'पायाशी' जिभेवर तयार होतं. मी गॅस बारीक केला.

"छातीला," मी म्हटलं.

"चढतंय का उतरतंय?"

"चढतंय."

तिने मेथीची जुडी अर्धी केली. दुसरा पाट पायाने माझ्याकडे सरकवला.

"मग उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "बस."